नसलेल्या पिठाचं वजन

एक वाटी मैदा म्हणजे किती ग्रॅम, असं मला कुणी विचारलं की मी उलट विचारते, वाटी कुणाची आणि हात कुणाचा? लोकांना वाटतं बाई भाव खातेय. तसं नाही. हा प्रश्न मी सव्वीस वर्षं नोकरी म्हणून विचारला आणि आता निवृत्त झाल्यावर सवय म्हणून विचारते.

अंधेरी पूर्वेला एका बेकरीचं मोठं किचन होतं, तिथे मी कामाला होते. दुकानं बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत आणि सगळ्यांचा माल आमच्याकडून जायचा. माझ्याकडे रेसिपीचं खातं. म्हणजे कुठून तरी एखादा छान केक यायचा, कुणाच्या घरचा नाही तर कुणा शेफच्या डोक्यातला. करणारा सांगायचा, दोन कप मैदा, पाऊण कप लोणी, मूठभर अक्रोड. मी त्याचे ग्रॅम करून द्यायचे, कारण मशीनला मूठ कळत नाही आणि चार कारागिरांच्या चार मुठी कधी सारख्या नसतात. या कामाला मराठीत नाव नाही. कारागीर मला वजनकाट्यावरून तोंडावर काटेबाई म्हणायचे. पाठीमागे काय म्हणायचे तेही मला ठाऊक आहे, पण ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

बाहेरच्यांसाठी थोडं सोपं करून सांगते. दूध वाटीत जेवढं बसायचं तेवढंच बसतं. पीठ मात्र लबाड असतं. डब्यात कप खुपसून मैदा काढला तर तो दाबला जातो आणि दीडशे ग्रॅमपर्यंत भरतो. तोच मैदा चाळून चमच्याने हलकेच कपात सोडला आणि सुरीने वरून सपाट केला, तर एकशेवीसच्या आसपास. कप तोच, मैदा तोच आणि तीस ग्रॅमचा फरक. दोन कपांना साठ. केक बसतो तो इथे आणि लोक शिव्या घालतात ओव्हनला. त्यात आपल्याकडे कप नसतो, वाटी असते. ती सपाट भरायची की वर शीग येऊ द्यायची, हे कुणी लिहून ठेवत नाही, कारण लिहिणारीच्या घरात ते सगळ्यांना माहीत असतं.

म्हणून मी वाटीपेक्षा हात बघते. करणाऱ्या माणसाला तीनदा भरायला लावायचं, तिन्ही वेळा वजन करायचं आणि सरासरी काढायची. सरासरी अशासाठी, की कुणाचाही हात तीनदा सारखा भरत नाही. पाच-सात ग्रॅम इकडेतिकडे होतातच. पंचवीस-तीस वर्षं पीठ मळलेल्या उस्तादांचे होतात, माझेही होतात. आणि ज्याचं माप घ्यायचं त्याला वजन करतोय हे कळू द्यायचं नाही. कळलं की हात शहाण्यासारखा वागायला लागतो आणि खोटं बोलतो.

निवृत्त झाल्यावर मुलुंडला घरी बसले, तर लोक घरी यायला लागले. कुणी कुणाला सांगितलं ते देव जाणे. केकचे क्लास घेणाऱ्या बायका आल्या, घरून ऑर्डरी घेणाऱ्या मुली आल्या. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं, की येणाऱ्यांतले निम्मे लोक मेलेल्या माणसांची मापं घेऊन येतात. आईची वाटी, आजीचा पेला, बायकोचा चमचा. वही असते, वाटी असते, फक्त हात नसतो. मग मी वाटीचा काठ बघते. आत पीठ कुठवर लागायचं त्याची रेघ बघते. एका बाजूचा काठ झिजलेला असेल तर बोट तिथून फिरायचं, म्हणजे बाई सपाट भरायची. हे काम मला आवडायचं. अंगावर थोडा काटा यायचा, पण आवडायचं.

बोरिवलीचे एक गृहस्थ होते, सत्तरीच्या पुढचे, बायको जाऊन वर्ष झालेलं. तिच्या रव्याच्या केकचं माप मी त्यांना ग्रॅममध्ये काढून दिलं. पंधरा दिवसांनी ते तोच कागद घडी करून परत घेऊन आले. मी म्हटलं, "का हो, जमला नाही?"

"जमला की. अगदी तिचाच झाला," ते म्हणाले. "ओव्हनमधून वास आला आणि मी हाक मारली तिला. ती आत असायची ना अशा वेळी. मग उठून आत जाऊन बघूनही आलो." कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हा तुमच्याकडेच असू द्या. मला नको."

चहासुद्धा न घेता गेले. तो कागद अजून माझ्याकडे आहे, टाकवत नाही.

आणि एक चूक सांगायलाच हवी, कारण ती माझ्या तोंडाची होती. घाटकोपरच्या एका सूनबाईंचा केक दर वेळी विटेसारखा व्हायचा, सासूबाईंचा मात्र कापसासारखा. मी त्यांच्या घरी गेले. सासूबाईंनी भरून दाखवलं, मी वजन केलं आणि भर बैठकीत, चार पाहुण्यांसमोर बोलून गेले, "अहो, तुम्ही सुनेला दिलेली वाटी वेगळी आणि तुमची वेगळी. केकमध्ये घालायच्या दह्यात साठ ग्रॅमचा फरक पडतोय." सासूबाई माझ्याकडे बघून हसल्या, पण ते हसणं मला आजही नको वाटतं. त्यांनी त्यानंतर केक केला नाही, कधीच. मी बरोबर होते, पण बरोबर असायची तिथे काही गरज नव्हती. त्या घरात त्यांच्याकडे तेवढी एकच गोष्ट होती, ती मी काट्यावर ठेवली.

आता नम्रताची गोष्ट सांगते. खरं तर तिच्यासाठीच लिहायला बसले.

नम्रता जोगेश्वरीची, वय पंचेचाळीसच्या आसपास, पवईला कुठल्याशा ऑफिसात नोकरी. लग्न केलेलं नाही, आई आणि ती अशा दोघीच घरात. माझ्याकडे आली ती एक वही, एक पितळी वाटी आणि डब्यात नानकटाई घेऊन. नानकटाई कसली, सगळ्या पसरून एकमेकींना चिकटल्या होत्या, पापडासारख्या.

"ताई, माझी आई जेवत नाहीये," ती बसता बसता म्हणाली. "भरवलं तर चार घास, ते पण तोंडात धरून ठेवते. डॉक्टर म्हणतात गिळायला काही प्रॉब्लेम नाही, तिला खायचंच नाहीये. दोन वर्षं झाली, कुणाला ओळखत नाही ती. मलाही नाही. वजन चौतीस किलोवर आलंय."

"मग यात मी काय करणार गं?"

"तिची नानकटाई ना, आमच्या चाळीत फेमस होती. दिवाळीत पत्र्याचे ट्रे भरून बेकरीच्या भट्टीत पाठवायची भाजायला. मला वाटतं ती ओळखेल. खाईल. पण मला जमत नाहीये यार. अकरा वेळा केली." मग तिने वही पुढे केली. "हे मी नववीत असताना लिहिलंय, ती करत असताना बाजूला बसून. यात चूक असणं शक्य नाही."

पानावर शाळकरी अक्षरात लिहिलं होतं. मैदा तीन वाट्या. त्याखाली एका ओळीत नुसतंच 'लाभ'. मग रवा अर्धी वाटी, पिठीसाखर दोन, तूप दीड, वेलची, खायचा सोडा चिमूट.

"हे लाभ काय?"

"अहो, आई काहीही मोजायला घेतलं की म्हणायची ते. देवाचं नाव घेतात ना, तसं. मी आपलं लिहून ठेवलं, वही शुभ व्हावी म्हणून." ती कसंनुसं हसली.

मीही हसले आणि पुढे गेले. आमच्या घरी वह्यांच्या डोक्यावर श्री लिहायचे, तसंच काही असेल असं वाटलं. माझं लक्ष तुपावर होतं. एवढ्या मैद्याला दीड वाटी तूप म्हणजे पसरणारच. नानकटाई शंभर तऱ्हांनी करतात, कुणी नुसत्या मैद्याची, कुणी रवा घालून, कुणी कणकेची. या बाईंची वाटी तुपाला कमी भरत असणार असा माझा तर्क. मी तूप कमी केलं, सगळ्याचे ग्रॅम काढले आणि कागद दिला.

आठवड्याने तिचा फोन आला. नानकटाई छान गोल झाल्या, वर चिराही पडल्या. आईने एक उचलली, हुंगली आणि ताटलीत परत ठेवून दिली.

"पण ताई, तिने उचलली," नम्रता म्हणाली. "स्वतःच्या हाताने. कित्येक महिन्यांत काही उचललं नव्हतं. आणि एक सांगू का? वेड्यासारखं वाटेल. ती अजून मोजते."

"काय मोजते?"

"काहीच नाही. रिकामा डबा, रिकामी परात. रोज चारला. मी पीठ ठेवत नाही डब्यात, सांडते ना. तरी मोजते. तुम्ही याल का एकदा बघायला?"

शनिवारी गेले. जुन्या चाळीच्या जागी उभी राहिलेली बिल्डिंग, सातवा मजला. लिफ्टच्या बाहेर पाऊल टाकलं तेव्हाच आतून आवाज येत होता, धातूवर धातू घासल्याचा. खर्र, मग शांत, मग खर्र. नम्रताने दार उघडलं आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

तिची आई, मी त्यांना काकी म्हणायचं ठरवलं, ओट्याखाली फरशीवर पाय पसरून बसल्या होत्या. एवढीशी बाई, पातळाच्या निऱ्यांमध्ये दिसेनाशी झालेली. पुढे परात, उजव्या हाताला स्टीलचा मोठा डबा. हात डब्यात जात होता, वाटी तळाला घासून वर येत होती. वर येताना मनगट वाकत होतं, वाटीत खरंच ओझं असावं तसं. मग डाव्या हाताचं बोट काठावरून फिरलं, नसलेलं पीठ डब्यात परत पडलं आणि वाटी परातीवर उलटी झाली. उलटी झाल्याबरोबर मनगट हलकं होऊन सरळ झालं. हे मनगटाचं मला बघवेना. हात सगळं खरं धरून चालला होता.

"लाभ," काकी म्हणाल्या. आवाज कोरडा, पण स्पष्ट. पुन्हा वाटी. "दोन." पुन्हा. "तीन."

मग त्या डावीकडे वळल्या. तिथे काहीच नव्हतं, डबा नाही, भांडं नाही, नुसती फरशी. तिथून, जमिनीपासून वीतभर वर, त्यांनी वाटी भरली. बोट फिरवलं. परातीत उलटी केली. "लाभ," म्हणाल्या आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

"रोज इथेच थांबते," नम्रता हळूच म्हणाली. "मग तासभर तशीच बसते. कुणाची तरी वाट बघितल्यासारखी."

मी नम्रताला डबा मैद्याने भरायला सांगितला. माझा चपटा काटा मी पिशवीतून काढला, काकींची पाठ वळवून नम्रताने त्यांना पाणी पाजलं तेवढ्यात परातीखाली सरकवला आणि वरून पुसायचं फडकं असं टाकलं, की मला आकडे दिसावेत आणि दुसऱ्या कुणाला काही दिसू नये. परातीचं वजन वजा करून काटा शून्यावर आणला. मग काकींना परत बसवलं.

"लाभ." काट्यावर आलं एकशेआठ.

"दोन." दोनशेसोळा.

"तीन." तीनशेचोवीस.

मी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा बघितलं. तीन वाट्या, तिन्ही एकशेआठ. ना एक ग्रॅम वर ना खाली. सव्वीस वर्षांत असा हात मी पाहिला नव्हता. ज्या बाईला आपली मुलगी ओळखू येत नाही तिचा हा हात. कौतुक वाटायला हवं होतं, पण मला भीती वाटली. तो हात आता त्या बाईच्या ताब्यात नव्हता असं काहीसं वाटलं आणि मग कुणाच्या ताब्यात आहे हा विचार मी तिथेच थांबवला.

काकी डावीकडे वळल्या. रिकाम्या जागेतून रिकामी वाटी भरली. बोट फिरवलं. परातीवर उलटी केली आणि वाटीच्या बुडावर दोन टिचक्या मारल्या, कडेला चिकटलेलं पीठ पडावं म्हणून मारतात तशा.

"लाभ."

काट्यावर चारशेआठ आलं.

मी ते पेन्सिलीने लिहिलं. हात आपोआप लिहून गेला, सवयीचा. लिहून वर बघितलं तरी चारशेआठच. काकींचं मनगट परातीला टेकलं असेल म्हणून मी नीट पाहिलं. त्यांचा हात हवेत होता, परातीच्या काठापासून चार बोटं वर. मग त्यांनी हात मांडीवर घेतले आणि आकडा उतरून तीनशेचोवीसवर येऊन थांबला.

घरी येऊन तो काटा मी तपासला. नवीन सेल घातले, पितळी वजनं ठेवून बघितली. ग्रॅमचाही दोष निघाला नाही. ज्यांना यावर हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. मी जे लिहिलं ते माझ्या वहीत आहे.

पण ते नंतरचं. त्या वेळी मी फरशीवर बसून त्या दोन आकड्यांकडे बघत होते आणि भीतीच्या खालून माझं काम डोकं वर काढत होतं. चारशेआठ वजा तीनशेचोवीस. चौऱ्याऐंशी. आयुष्यभर मी वस्तूवरून वजन सांगत आले. इथे वजन होतं आणि वस्तू नव्हती. या वाटीत मैदा एकशेआठ बसतो. तांदळाची पिठी असती तर सव्वाशेच्या पुढे गेली असती. कणीक शंभरच्या आसपास. रवा त्याहून खूपच जड. मैद्यापेक्षा इतकं हलकं, सपाट भरून चौऱ्याऐंशी, असं घरात एकच पीठ असतं आणि तेही चाळलेलं.

आणि तेव्हाच मला आमच्या गावचं खळं आठवलं. आमचं गाव वेंगुर्ल्याच्या बाजूचं. भात मोजायला घेतलं की माझे काका पहिल्या मापाला एक कधीच म्हणायचे नाहीत. एक म्हटलं की एकच राहील, दुसरं येणार नाही, म्हणून पहिलं माप लाभ. लाभ, दोन, तीन, चार. लहानपणी मला वाटायचं एक हा आकडा शाळेतच असतो. हे सगळं मला माहीत होतं आणि तरीही मी वहीतला तो शब्द हसून ओलांडला होता.

"नम्रता," मी म्हटलं, "तू वही लिहीत होतीस तेव्हा आई मैद्यानंतर काहीतरी मोजत होती. तू विचारलं असशील, आता किती. काय म्हणाली?"

"लाभ म्हणाली."

"लाभ म्हणजे एक गं. एक वाटी. तू शुभ म्हणून लिहिलंस, ते माप होतं."

"एक वाटी काय?"

"बेसन. चाळलेलं. घरात आहे?"

तिने फडताळातून बेसन काढलं, चाळलं. मी काकींच्या वाटीने, त्यांच्यासारखं बोट फिरवून, मोजलं. शहाऐंशी आलं. माझा हात तेवढा चांगला नाही. दोन ग्रॅम चिमटीने काढून टाकले.

तूप वहीतलंच ठेवलं, दीड वाटी. गोळे करून ओव्हनमध्ये सरकवले. दहा मिनिटांनी वास सुटला. तो आधीच्या खेपेचा वास नव्हता, खरपूस, थोडा लाडवांकडे झुकणारा. काकी फरशीवरून उठायला लागल्या. नम्रताने धरलं तर तिचा हात त्यांनी बाजूला केला आणि ओट्याला धरून स्वतःच उभ्या राहिल्या. नानकटाई निवायची वाटसुद्धा बघितली नाही. एक उचलली, हुंगली, मोडली. आतली कड बोटाने चाचपली. आणि खाल्ली. मग अर्धी अजून खाल्ली.

नम्रता बेसिनचा नळ सोडून त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली, मला रडणं ऐकू येऊ नये म्हणून. मी मोठ्या ऐटीत कागदावर सगळे ग्रॅम लिहून फ्रिजवर लावून दिले. मैदा तीनशेचोवीस, बेसन चौऱ्याऐंशी, खाली रेघ आणि तारीख. घरी येताना मला वाटत होतं की इतकी वर्षं शिकलेलं सगळं आज कामाला आलं.

काकी रोज दोन-तीन खायला लागल्या. त्यामागून पेजही जायला लागली, मग मऊ भात. दोन किलो वजन वाढलं. नम्रता मला फोन करून सांगायची. मग एकदा रात्री अकराला फोन आला.

"काय झालं? काकी बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत. खाते." मग म्हणाली, "ताई, ती मोजत नाही आता. तुम्ही गेलात त्या दिवसापासून. चार वाजतात आणि ती खिडकीकडे तोंड करून बसते. एक शब्द बोलत नाही. लाभ, दोन, तीन, लाभ. एवढंच बोलायची ना ती दिवसभरात. तेवढाच आवाज उरला होता तिचा मला."

मी फोन ठेवला. मला कळत होतं काय झालं ते. ती बाई दोन वर्षं रोज दुपारी बसून कुणीतरी नीट लिहून घेईल म्हणून मोजत होती. मी घेतलं. काम संपलं. मी तिच्याकडून माप काढून घेतलं आणि मुलीकडे आकडे दिले, आणि त्या दोघींच्या मध्ये आता माझा कागद होता. घाटकोपरच्या त्या सासूबाईंचं हसणं मला त्या दिवशी पुन्हा दिसलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी जोगेश्वरीला गेले. काकी खिडकीशी, पाठमोऱ्या. अंग थोडं भरलेलं, पण खोलीत कुणी नसावं अशी शांतता. फ्रिजवरचा कागद मी काढला आणि फाडला.

"अहो ताई!" नम्रता ओरडली. "वाट लावाल माझी! मी कसं करणार आता?"

"वाटीने. तिच्यासमोर बसून. तू भर, तिला बघू दे."

"माझा हात तिच्यासारखा नाही."

"नसू दे. तुझा हात चुकतोय हे तिला सांगावंसं वाटायला हवं की नाही?"

ती बेसन आणायला गेली आणि मी पाट-परात मांडायला घेतली. आणि खरं सांगते, माझ्यासारखी निर्लज्ज मीच. कागद फाडणारी मी, पण नम्रताचा हात किती भरतो हे बघायचा मोह आवरला नाही. काकी खिडकीबाहेर बघत होत्या. मी काटा परातीखाली सरकवला, फडकं टाकलं. कुणालाही कळलं नाही. मग दोघींनी मिळून काकींना आणून परातीसमोर बसवलं.

नम्रताने वाटी भरली आणि घाईघाईने परातीत ओतली. वर शीग तशीच. "एक," ती म्हणाली. शाळेत शिकलेली मुलगी, दुसरं काय म्हणणार.

काकींचे डोळे परातीवर होते की परातीच्या पलीकडे, सांगता येत नव्हतं. नम्रताने दुसरी वाटी भरली. थोडं पीठ फरशीवर सांडलं. "दोन."

काकींचा हात उठला. त्यांनी नम्रताचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट वाटीच्या काठावरून सावकाश फिरवलं. शीग डब्यात पडली.

"खालचो तो काटो काढ आदी," काकी म्हणाल्या.

नम्रताला काही कळेना. "कसला काटा, आई?"

मी परात तिरकी केली, फडकं उचललं आणि काटा बाहेर ओढला. काकींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पहिल्या दिवशीही त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही काट्याचं त्यांना ठाऊकच असणार. त्यांनी परातीतलं सगळं पीठ नम्रताकडून डब्यात परत टाकून घेतलं. मग रिकामी वाटी तिच्या हातात दिली, तिची बोटं एकेक करून वाटीभोवती बसवली आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. नीट, ओळखीचं बघितलं.

"पयल्यापासून भर गो चेडवा," त्या म्हणाल्या.

काकी आमच्याच बाजूच्या निघाल्या, चेडू म्हणजे आमच्याकडे मुलगी. दोन वर्षांत तिला आईने काहीच म्हटलं नव्हतं. नम्रताचे डोळे इतके भरले होते, की तिला वाटीचा काठही दिसत नसेल, पण तिचं मनगट काकींच्या हातात होतं. मी काटा पिशवीत घातला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. आतून दोन आवाज येत होते, एक सांगणारा आणि एक मोजणारा. त्या दिवशीच्या नानकटाईचे ग्रॅम माझ्या वहीत नाहीत.